बिस्किट चालतं, मग भाजी का नाही? ऑटिझम आणि मुलांचं जेवण

पुड्यातलं ग्लुकोज बिस्किट रोज तेच असतं. तोच रंग, तोच कुरकुरीतपणा, तीच गोडी. दुधीची भाजी मात्र आज मऊ, उद्या कच्चट, परवा तिच्यात कढीपत्ता. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना वास, चव, स्पर्श फार तीव्र जाणवतात. गुळगुळीत वरणाच्या घासात एखादी मोहरी दाताखाली आली तरी उमासा येतो. याला हट्ट म्हणणं मुलावर अन्याय आहे. अनेक अभ्यास एकत्र करून 2013 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळल्या. कॅल्शियम आणि प्रथिनंही त्यांच्या पोटात कमी जात होती.

वजन ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भात, बिस्किटं, वेफर्स यांवर वजन भरतं, पण फळ-भाजी अजिबात नसेल तर क जीवनसत्त्व संपतं आणि स्कर्वी होतो. मूल लंगडतं, चालायला नको म्हणतं, हिरड्यांतून रक्त येतं. बोलता न येणारं मूल कुठे दुखतंय ते सांगत नाही, त्यामुळे तपासण्या हाडांच्याच होत राहतात. म्हणून मूल काय काय खातं ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. जेमतेम 50 ग्रॅम पेरूत लहान मुलाची दिवसाची क जीवनसत्त्वाची गरज भागते.

आधी दोन गोष्टी बघा. बद्धकोष्ठता असेल तर भूकच लागत नाही. तिच्यावर उपचार पहिले. आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर ते कमी करा, त्याने जेवण मागे पडतं आणि लोह घटतं.

नवा पदार्थ द्यायचा तो मूल आज जे खातं त्याच्या शेजारचा. वेफर्स आवडतात? मग बटाट्याचे अगदी पातळ, रव्यात घोळवून कुरकुरीत भाजलेले काप. ते रुळले की थोडे जाड. मग तसेच रताळ्याचे, पुढे सुरणाचे. एका वेळी एकच बदल: आकार बदलला तर चव तीच ठेवायची. पहिल्या दिवशी काप ताटाच्या कडेला नुसता असू दे. मग हात लावणं, वास घेणं, जीभ लावणं, चावून थुंकणंसुद्धा. ही प्रगतीच आहे. दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, कधी त्याहून जास्त.

आवडत्या खिरीत औषध किंवा पालकाची पेस्ट लपवू नका. मुलाला कळतं, आणि मग खीरही कायमची सुटते. जबरदस्तीने भरवण्याचंही तेच.

वरण, भात, भाजी वेगवेगळ्या वाट्यांत वाढा. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा; शरीर स्थिर नसेल तर चावणं अवघड जातं. जेवण 20-30 मिनिटांत आटपा, दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास फक्त पाणी.

गहू आणि दूध पूर्ण बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने ऑटिझमची लक्षणं कमी होतात याला भक्कम पुरावा नाही, आणि जेमतेम आठ पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले चार जातात.

वजन घटत असेल, खाताना ठसका लागत असेल, खाल्लेलं वारंवार उलटत असेल किंवा खात असलेले पदार्थ एकेक करून सुटत असतील, तर घरचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (खाणं, कपडे घालणं अशा रोजच्या कामांतल्या अडचणींवर मदत करणारे तज्ज्ञ) यांच्याकडे जा. जाताना सात दिवसांत मुलाने काय आणि किती खाल्लं ते वहीत लिहून न्या, बिस्किटाच्या ब्रँडसकट.