अदाह्य क्लॅडिंग (इंग्लंडमधील बागखोल्यांचे)

अदाह्य क्लॅडिंग : घराच्या आवारातील शेड, कार्यशाळा किंवा बागखोलीच्या बाहेरील भिंतींवर बसवायचे न जळणारे आवरण. इंग्लंडमध्ये हा विषय मुख्यतः इमारत नियमावली, २०१० च्या परिशिष्ट २ मधील वर्ग ६ मुळे उद्भवतो. झोपण्याची सोय नसलेली, १५ चौ. मी. पर्यंतची स्वतंत्र इमारत नियमावलीतून मुक्त असते. त्यापुढे ३० चौ. मी. पर्यंतची एकमजली इमारत मुक्त राहण्यासाठी आवाराच्या हद्दीपासून सर्व बाजूंनी किमान १ मी. दूर असावी लागते. नसल्यास ती ‘मुख्यतः अदाह्य पदार्थांची’ असावी लागते. चिंचोळ्या बागेत बहुधा दुसराच मार्ग उरतो.

‘मुख्यतः’ म्हणजे किती, याची व्याख्या नियमात नाही. हद्दीकडील भिंतीला अदाह्य आवरण असले की पुरे, असे काही तपासनीस मानतात. सांगाडाच लाकडी असेल तर इमारत मुख्यतः अदाह्य कशी, असा इतरांचा आक्षेप आहे. शब्दशः पाहता आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो. माल मागवण्यापूर्वी स्थानिक इमारत नियंत्रण कार्यालयाचे मत लेखी घ्यावे.

दुकानदार ‘फायरप्रूफ’ म्हणतात तो शब्द इथे निरुपयोगी आहे. आगीत पदार्थ कसा वागतो याच्या युरोपीय वर्गीकरणात (ए१ सर्वांत सुरक्षित, मग ए२, बी, सी असे उतरत एफ पर्यंत) ए१ व ए२ हे अदाह्यतेचे वर्ग. ए१ साठी नमुना सुमारे ७५०° से. च्या भट्टीत ठेवतात. भट्टीचे तापमान ३०° से. हून अधिक वाढू नये, नमुन्याचे वस्तुमान निम्म्याहून अधिक घटू नये आणि टिकून राहणारी ज्वाला दिसू नये. लार्च किंवा सीडरचे साधे लाकूड सहसा डी वर्गात येते. दाबाखाली ज्वालारोधक रसायन मुरवलेले लाकूड बी पर्यंत पोहोचते, अदाह्य ठरत नाही; शिवाय बाहेरच्या वापराचे रसायन नसेल तर ते पावसाने झिरपून जाते.

प्रचलित निवड फायबर-सिमेंटच्या पट्ट्यांची (बहुतेक ए२-एस१, डी०; इथे ‘एस’ धुराचे व ‘डी’ जळत्या थेंबांचे प्रमाण दाखवते). त्यांच्यामागील उभ्या आधारपट्ट्यांमधील अंतर ६०० मिमी. च्या आत, मागे सुमारे २५ मिमी. हवेची पोकळी, तळ जमिनीपासून १५० मिमी. वर. सांधा आधारपट्टीवरच यावा. खिळा कडेला फार जवळ मारल्यास कोपरा तडकतो. पोकळी चिमणीसारखी आग वर ओढते, म्हणून आतील पडदा (भिंतीवरचा पाणी अडवणारा थर) व उभ्या आधारपट्ट्या कशाच्या आहेत हेही पाहावे. कापताना सिलिकाची धूळ उडते.

फायबर-सिमेंटच्या पत्र्याचा उगम ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांच्याकडे जातो. पेटंट साधारणतः १९०१ चे धरतात. मूळ मिश्रणात ॲस्बेस्टॉस (आरोग्यास घातक तंतुमय खनिज) होते. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे जुन्या शेडच्या पत्र्यांत ते असू शकते; ते पत्रे अदाह्य असले तरी त्यांना छिद्र पाडू नये वा ते फोडू नयेत.