परीक्षकाने दावे नाकारले म्हणजे पेटंट संपले का?

‘नट-बोल्टसारख्या जुन्या वस्तूंवर पेटंट मिळत नाही आणि पेटंट कार्यालयातील परीक्षकाने एकदा नकार दिला की अर्ज संपला,’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. प्रत्यक्षात नकार वस्तूला नसून दाव्यांना, म्हणजे ज्या शब्दांत हक्क मागितला आहे त्या शब्दांना असतो. त्यावर उत्तर देता येते, दावा मर्यादित करता येतो आणि तरीही मतभेद उरल्यास ठरलेल्या मुदतीत अपील करता येते.

समजा, दावा दातेरी वॉशरचा आहे. परीक्षक दोन जुने दस्तऐवज पुढे ठेवतो, एकात साधा वॉशर, दुसऱ्यात लाकडात रुतणारे दाते, आणि दोन्ही एकत्र करणे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचले असते असे म्हणतो. अपिलात ‘आमचा वॉशर उत्तम आहे’ एवढे सांगून भागत नाही (ही चूक वरचेवर होते); कंपनाने बोल्ट सैल होऊ नये म्हणून ते दाते धातूच्या जोडावर आणावेत, असे जाणकाराला वाटण्याचे कारण कुठे होते, हा तिथला खरा प्रश्न असतो.

नकारानंतर दावा मर्यादित होऊन पेटंट मिळू शकते, याची पडताळणी सोपी आहे. फास्टनरच्या, म्हणजे नट-बोल्टसारख्या जोडणीच्या वस्तूच्या, एखाद्या मंजूर पेटंटचा पहिला दावा मूळ प्रकाशित अर्जातील पहिल्या दाव्याशेजारी ठेवून वाचावा. दात्यांचा उतार आट्यांच्या उतारापेक्षा जास्त असावा, अशासारखी एखादी जादा अट मंजूर दाव्यात पुष्कळदा आढळते.