प्रगतिदर्शक (संगणक)

प्रोग्रॅममधला लांबलचक लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) चालू असताना काम कुठवर आले हे पडद्यावर दाखवणारी पट्टी, टक्केवारी किंवा आकडा. मराठवाड्यात असे लूप रोजच्या कामातले आहेत. साखर कारखान्यात पंधरवड्याची ऊसबिले निघतात, लातूरच्या आडतीवर सोयाबीनच्या हिशेबपट्ट्या तयार होतात. एकच आकडेमोड हजारो खात्यांवर ओळीने चालते.

लूपच्या प्रत्येक फेरीत आकडा बदलायची सूचना लिहिलेली असते, तरी पडदा जागचा हलत नाही आणि शेवटी एकदम १०० टक्के उमटतात, ही यातली नेहमीची अडचण. खिडक्यांच्या प्रोग्रॅममध्ये चित्र रंगवणे आणि बटणांचे क्लिक हाताळणे हे एकाच मुख्य थ्रेडचे (प्रोग्रॅममध्ये ओळीने चालणाऱ्या कामाच्या एका धाग्याचे) काम असते. त्याच थ्रेडवर लूप चालला की पडदा रंगवण्याचे संदेश रांगेत पडून राहतात. स्मृतीत आकडा बदललेला असतो, पडद्यावर मात्र जुनाच दिसतो. सुमारे ५ सेकंद संदेश उचलले गेले नाहीत, तर विंडोज त्या प्रोग्रॅमवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’चा शिक्का मारते. कारखान्यातला ऑपरेटर मग संगणक अडकला असे समजून प्रोग्रॅम बंद करतो आणि बिले अर्धवट राहतात. चाचणी दहा-वीस खात्यांवर उरकली तर हा दोष दिसतच नाही. ती हंगामातल्या पूर्ण यादीवरच घ्यावी.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लूपमधूनच रांगेला वाट देणे. एक्सेलमधल्या व्हीबीए भाषेत त्यासाठी ‘डूइव्हेंट्स’ आहे, खिडक्यांचे प्रोग्रॅम बनवण्याच्या क्यूटी या साधनसंचात ‘प्रोसेसइव्हेंट्स’. मात्र या वाटेने क्लिकही आत येतात. ‘बिले काढा’ पुन्हा दाबले गेले, तर चालू लूपच्या पोटात दुसरा लूप सुरू होतो. म्हणून ते बटण आधी निष्क्रिय करावे लागते. काम वेगळ्या थ्रेडवर सोपवणे अधिक भरवशाचे. जावात ‘स्विंगवर्कर’ आहे, ब्राउझरमध्ये वेब वर्कर. त्या थ्रेडने पडद्याला हात लावायचा नाही, फक्त आकडा मुख्य थ्रेडकडे पाठवायचा.

एक्सेलमध्ये खालची स्टेटस बार पुरते. ‘स्क्रीनअपडेटिंग’ (पडदा रंगवणे) बंद ठेवले तरी तिथला मजकूर बदलता येतो. काम संपल्यावर तिला ‘फॉल्स’ देऊन एक्सेलच्या ताब्यात परत द्यायचे. काळ्या टर्मिनलवर कॅरेज रिटर्नने कर्सर ओळीच्या सुरुवातीला आणून तीच ओळ पुन्हा लिहितात. नवी ओळ येत नसल्याने मजकूर बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) अडकू शकतो, म्हणून दर वेळी फ्लश करावे, म्हणजे तो साठा पडद्याकडे ढकलावा लागतो.

प्रत्येक फेरीला पडदा रंगवला तर मूळ कामच रेंगाळते. सेकंदाला दहा वेळा बदल माणसाला पुरेसा होतो; पायथॉनच्या ‘टीक्यूडीएम’ या प्रगतिपट्टीच्या लायब्ररीमध्येही किमान अंतर ०.१ सेकंद ठरवलेले आहे. फेऱ्या मोजण्यापेक्षा वेळ मोजणे बरे, कारण सगळी खाती सारखा वेळ घेत नाहीत. त्यामुळेच ‘उरलेली मिनिटे’ बेभरवशाची असतात.

टक्केवारी दिसली की लोकांना बरे वाटते, हे संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच प्रयोगातून दाखवले. पण मध्येच लाईट जाते तिथे ती अपुरी पडते. ‘४,२०० पैकी १,३१६’ असा आकडा आणि चालू खाते क्रमांक दाखवावा, आणि पूर्ण झालेला शेवटचा क्रमांक फाइलमध्येही लिहावा. लाईट आल्यावर लूप १,३१७ पासून सुरू करता येतो.