सायलेन्सर बदलल्याने ताकद वाढते का?

रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० ची किंमत नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात, वागातोरच्या मोटोव्हर्स या कंपनीच्या बाइक महोत्सवात जाहीर झाली. असं नवं मॉडेल आलं की बाहेरचे पार्ट बनवणाऱ्यांची लगबग सुरू होते. क्रॅश गार्ड, बॅश प्लेट, सॅडल स्टे पटापट येतात, कारण तिथे बोल्टची भोकं जुळली की काम झालं. ‘पॉवर वाढवणाऱ्या’ सायलेन्सरला मात्र इंजिनाच्या ईसीयूशीही, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरशीही, जुळवून घ्यावं लागतं. तोसुद्धा तितक्याच झटपट बाजारात आला, तर थोडी शंका घ्यावी.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बुलेटला सायलेन्सर बदलला की मेकॅनिक जेट बदलायचा, स्क्रू फिरवायचा, प्लगचा रंग बघायचा, संपलं. हिमालयनचं ४५२ सीसी लिक्विड कूल्ड इंजिन ८,००० आरपीएमला ४० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) देतं आणि त्यात राइड-बाय-वायर आहे. ॲक्सिलरेटर पिळणं म्हणजे फक्त अर्ज करणं. बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, किती उघडायचा, हे ईसीयू ठरवतो.

आता पाइपचं बघू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट बेंड पाइपमधून धावते, तापलेल्या वायूत साधारण सेकंदाला ५०० ते ६०० मीटर वेगाने. जिथे पाइप एकदम रुंद होतो किंवा संपतो, तिथून ती उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात, नेमकी तेव्हाच ती पोहोचली तर उरलेला धूर ओढून नेते आणि नवा चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) आत घ्यायला मदत करते. पण ६,००० आरपीएमला क्रँकच्या एका फेरीला १० मिलिसेकंद लागतात, ३,००० ला २०. लाटेचा वेग मात्र जवळपास तोच. म्हणजे पाइपची एक लांबी एका ठरावीक आरपीएमच्या आसपासच साथ देते. वरच्या आरपीएमला दोन पीएस वाढवणारा पाइप खालच्या आरपीएमला, घाटात दुसऱ्या गिअरवर टॉर्क गमावू शकतो. जाहिरातीत आकडा वरचाच असतो.

पाइप मोकळा झाला की इंजिन जास्त हवा घेतं, आणि तिथेच ईसीयूची अडचण सुरू होते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पुरता जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. आपल्याकडच्या ई२० साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) हा आकडा साधारण १३.५ येतो, त्यामुळे परदेशातल्या पेट्रोलवर बसवलेला फ्युएल मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याचा ईसीयूमधला तक्ता, इथे जसाच्या तसा चालेल असं धरू नये. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक पकडतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. पण बहुतेक बाइकवरचा हा सेन्सर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) की रिच (पेट्रोल जास्त) एवढंच नीट सांगतो. किती, ते नाही. म्हणून फुल थ्रॉटलला ईसीयू त्याचं ऐकणं सोडून साठवलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता स्टॉक सायलेन्सरसाठी लिहिलेला असतो. जिथे ताकद हवी तिथेच मिश्रण लीन, इंजिन गरम आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून इंजिनाला ठोके बसण्याचा, धोका.

उपाय म्हणजे ईसीयूचा मॅप नव्याने लिहिणं किंवा इंजेक्टरच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारा डबा मध्ये जोडणं. नव्या गाड्यांत पहिला रस्ता अवघड होत चाललाय. अमेरिकेत शेव्हरलेची २०२० ची कॉर्व्हेट सी८ ही स्पोर्ट्स कार आली, तेव्हा तिच्या एन्क्रिप्टेड कंट्रोलरने ट्यूनर मंडळींची बराच काळ कोंडी केली होती. पार्ट हातात होते, पण ईसीयू उघडत नव्हता.

धातूचंही सोपं नाही. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला की साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं बोल्टने घट्ट आवळली, तर ही वाढ जाणार कुठे? वेल्डिंगजवळ तडा जातो. म्हणून चांगल्या एक्झॉस्टमध्ये एक पाइप दुसऱ्यात सरकता ठेवून वर स्प्रिंगा लावतात. दिसायला ते रेसिंग बाइकसारखं दिसतं, हा वरचा फायदा.

मग डायनो, म्हणजे मागचं चाक रोलरवर फिरवून ताकद मोजणारं मशीन. ४० पीएस क्रँकवरचे असतात. गिअरबॉक्स, चेन आणि टायरमध्ये दहा-पंधरा टक्के गेल्यावर रोलरवर ३४ ते ३६ उरतात. पुण्यात मार्च महिन्यात सकाळी १८ आणि दुपारी ३६ अंश असले, तर हवेची घनता साधारण ६ टक्क्यांनी उतरते आणि इंजिन एखादा पीएस सहज गमावतं. सायलेन्सरवाले सांगतात तो फायदा बरेचदा जवळपास एवढाच असतो. करेक्शन फॅक्टर लावून हवामानाचा फरक बऱ्यापैकी काढता येतो, पण आधीच्या रनने तापलेल्या इंजिनाचं काय? म्हणून स्टॉक, नवा, पुन्हा स्टॉक, पुन्हा नवा असे रन त्याच मशीनवर, त्याच कूलंट तापमानाला घ्यायचे. कंटाळवाणं आणि खर्चिक काम आहे, म्हणून अनेकदा टाळलं जातं.

कायद्याचा भाग थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर बीएस-६ ची मर्यादा पाळणं विसराच. रोड रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे फोटो तर वर्तमानपत्रांत येतच असतात. रेसट्रॅकसाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा विक्रेत्याकडे डायनोचा ग्राफ मागताना संपूर्ण मागा. ताकदीच्या दोन रेषांखाली हवा-पेट्रोल प्रमाणाची तिसरी रेष असते. ती कापलेली असेल, तर का कापली ते आधी विचारा, मग किमतीचं बोला.