समृद्धी (बोत्तिचेल्लीचं रेखाचित्र)

समृद्धी किंवा शरद ऋतू अशा दोन्ही नावांनी ओळखलं जाणारं हे रेखाचित्र इटलीतल्या फ्लॉरेन्सचा चित्रकार सांद्रो बोत्तिचेल्ली याचं (सुमारे १४४५ ते १५१०), साधारण १४८० ते १४८५ च्या दरम्यान काढलेलं मानतात आणि सध्या ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आकार लहानच, उंची ३२ सेंमीच्या आसपास आणि रुंदी २५.

चित्रात एक तरुणी झपझप चालत निघालीये, केस मोकळे, झिरझिरीत वस्त्राच्या चुण्या वाऱ्यावर उडतायत, सोबत गुबगुबीत उघडी पोरं आणि फळांनी भरायचं मोठं शिंग. हे शिंग ग्रीक-रोमन काळापासून सुबत्तेची खूण, त्यामुळे ही कोणी खरी बाई नाही, समृद्धीच बाईच्या रूपात आहे हे त्या काळच्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. एका पोराकडे द्राक्षं आहेत, म्हणून काही अभ्यासक हिला शरद ऋतू म्हणतात, कारण तिकडे द्राक्षांची तोडणी त्याच दिवसांत होते.

खरी मजा आहे ती अर्धवट राहिलेल्या भागात. कागदाला आधी गुलाबी रंगाचा हात दिलाय, मग काळ्या खडूने अंदाज घेतलाय, त्यावर लेखणीने तपकिरी शाईच्या रेघा, पातळ शाईने सावली आणि शेवटी उजेडाच्या जागी पांढरा रंग. गुलाबी रंग इथे मधली छटा म्हणून काम करतो, त्यामुळे पांढरा उठून दिसतो आणि तपकिरी खोल जातो, कोऱ्या पांढऱ्या कागदावर हे जमलंच नसतं. तरुणी जवळपास पूर्ण झालीये पण शिंग आणि काही पोरं नुसत्या खडूतच राहिलीत, म्हणजे एकाच कागदावर पहिल्या अंदाजापासून शेवटच्या हातापर्यंतचं सगळं काम दिसतं, आणि असं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

यावरून केलेलं पेंटिंग माहीत नाही. हे रेखाचित्र एखाद्या पेंटिंगसाठीचं कच्चं काम होतं की स्वतंत्र चित्र म्हणूनच काढलं यावर मतभेद आहेत, पण वस्त्रावर घेतलेली मेहनत बघता नुसता कच्चा आराखडा म्हणणं पटत नाही. इटालियन कवी दान्तेच्या काव्यावरची रेखाचित्रं सोडली तर बोत्तिचेल्लीची फार थोडी रेखाचित्रं शिल्लक आहेत, त्यामुळे याचं मोल मोठं.

म्युझियमकडे ते १८९५ साली जॉन माल्कम यांच्या संग्रहातून आलं. कागदावरचं काम उजेडाने खराब होतं म्हणून ते कायम मांडून ठेवत नाहीत.