राजकमल कलामंदिर

राजकमल कलामंदिर म्हणजे व्ही. शांताराम यांची स्वतःची फिल्म कंपनी, १९४२ मध्ये मुंबईत सुरू झालेली. नाव घरातलंच, वडील राजाराम आणि आई कमला, दोघांच्या नावातून 'राजकमल'. निर्मिती संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ऑफिस आणि भाड्याने घेतलेला स्टुडिओ येतो, पण राजकमल तसं नव्हतं. परळला स्टुडिओ स्वतःचा, साउंड रेकॉर्डिंगची सोय स्वतःची, पगारी माणसं स्वतःची, आणि पुढे दादरचं प्लाझा थिएटरसुद्धा शांतारामबापूंच्या मालकीचं. म्हणजे गोष्ट सुचण्यापासून ते प्रेक्षक खुर्चीत येऊन बसेपर्यंत सगळं एकाच माणसाच्या हातात. हिंदी-मराठीत नट-दिग्दर्शकांच्या कंपन्या पुष्कळ झाल्या पण इतकं सगळं एका छपराखाली आणून ते चाळीसपेक्षा जास्त वर्षं चालवणारे फार थोडे, आणि माझ्या मते राजकमलचं जे काही उत्तम आहे आणि जे काही फसलेलं आहे त्या दोन्हींचं मूळ ह्याच एका गोष्टीत आहे.

शांताराम राजाराम वणकुद्रे कोल्हापूरचे, जन्म १९०१. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले, तिथेच पडद्यावरही आले, 'सुरेखा हरण'मध्ये कृष्ण आणि १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकरी. १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आली आणि पुढचं सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. प्रभातमध्ये निर्णय भागीदारांचे असायचे, ह्यातूनच तिथली शिस्त आणि दर्जा आला, पण मतभेदही ह्यातूनच वाढले आणि शेवटी शांताराम बाहेर पडले. तेव्हा त्यांचं वय चाळिशीचं, नाव झालेलं, हाताशी स्टुडिओ नाही आणि वर महायुद्ध चालू, कच्ची फिल्म मिळायची मारामार. अशा वेळी दुसऱ्या कुणाकडे दिग्दर्शक म्हणून नोकरी करणं सोपं होतं. त्यांनी परळचा वाडिया मुव्हीटोनचा स्टुडिओ घेतला आणि राजकमलची पाटी लावली.

पहिला सिनेमा 'शकुंतला', १९४३. जयश्री शकुंतला आणि चंद्रमोहन दुष्यंत. मुंबईच्या स्वस्तिक थिएटरला हा तब्बल १०४ आठवडे चालला, म्हणजे पूर्ण दोन वर्षं, आणि नंतर अमेरिकेतही लागला. नव्या कंपनीला पहिल्याच घासाला असं यश मिळणं फार मोठी गोष्ट, कारण पुढचे प्रयोग करायला लागणारा पैसा आणि हिंमत दोन्ही ह्यातून आलं.

पुढे १९४६ ला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेल्या पुस्तकावरून हा सिनेमा झाला. कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली आणि त्यांच्या चिनी पत्नीची जयश्रींनी. घटना घडून जेमतेम चार वर्षं झालेली, नायक एक डॉक्टर, आणि गोष्टीचा शेवट सगळ्यांना आधीच माहीत. हा विषय घेऊन बाहेरच्या फायनान्सरकडे गेलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

राजकमलच्या मराठी कामात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी'. कारण ह्याचं दिग्दर्शन बाबूराव पेंटरांकडे दिलं होतं, म्हणजे ज्यांच्या कंपनीत शांतारामबापू पोरवयात राबले त्या गुरूंनाच त्यांनी आपल्या कंपनीत दिग्दर्शक म्हणून बोलावलं (दिग्दर्शनात नंतर शांतारामांचाही हात लागला). जयराम शिलेदार, हंसा वाडकर, आणि लेखणी गदिमांची. मराठी सिनेमात पुढे जी तमाशापटांची मोठी लाट आली तिची सुरुवात इथून धरतात. शिवाय हाच सिनेमा हिंदीतही काढला, एकच गोष्ट दोन्ही भाषांत करायची ही प्रभातपासूनची सवय राजकमलने सोडली नाही.

मग १९५१ चा 'अमर भूपाळी', होनाजी शाहिराची गोष्ट, पंडितराव नगरकर, संध्या, ललिता पवार आणि वसंत देसाईंचं संगीत. 'घनश्याम सुंदरा' अजूनही सकाळी कुठे ना कुठे ऐकू येतेच. हा सिनेमा कान महोत्सवात गेला आणि तिथे ध्वनिमुद्रणासाठी त्याचा गौरव झाला. राजकमलच्या साउंड डिपार्टमेंटबद्दल इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण लोक नाच, रंग, सेट ह्यांवर बोलतात आणि आवाज विसरतात. ए. के. परमार आणि नंतर मंगेश देसाई ह्या माणसांनी तिथे जे काम केलं त्यामुळे बाहेरचे निर्माते आपले सिनेमे रेकॉर्डिंगला आणि मिक्सिंगला राजकमलला घेऊन यायचे. 'शोले'चं री-रेकॉर्डिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र बसवायचं काम, करणारे ते हेच मंगेश देसाई. दुसऱ्यांच्या सिनेमाची आणि आपल्या सिनेमाची अशी दोन्ही कामं चालू राहिल्यामुळे स्टुडिओ जिवंत राहतो, यंत्रं गंजत नाहीत आणि माणसांचा हात चालू राहतो, स्वतःचा स्टुडिओ पाळायचा असेल तर हे कळीचं आहे.

१९५५ ला 'झनक झनक पायल बाजे' आला, टेक्निकलर ह्या रंगीत फिल्मच्या पद्धतीत, आणि तेव्हा आपल्याकडे टेक्निकलरमध्ये हात घालणारे अगदी मोजकेच होते. नायक म्हणून गोपीकृष्ण हा तरुण कथक नर्तक, शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांच्या आवाजात, आणि शिवकुमार शर्मांचं संतूर ह्याच सिनेमाच्या पार्श्वसंगीतात पहिल्यांदा हिंदी पडद्यावर वाजलं. संध्या मुळात काही शिकलेल्या नर्तकी नव्हत्या, ह्या सिनेमासाठी त्यांनी मेहनत करून नाच शिकला. शास्त्रीय नृत्यावरचा सिनेमा, तोही नवख्या नायकाला घेऊन, हे बाजाराच्या कुठल्याच गणितात बसत नव्हतं आणि तरी तो तुफान चालला, राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअर दोन्ही घेऊन आला.

आणि रंगांचं एवढं यश हाती असताना पुढचा मोठा सिनेमा परत कृष्णधवल! 'दो आँखें बारह हाथ', १९५७. औंध संस्थानात कैद्यांना भिंतीविना शेतीवर ठेवायचा प्रयोग झाला होता, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, त्यावरून ही गोष्ट गदिमांनी लिहिली. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन एका ओसाड जमिनीवर जातो आणि त्यांच्यावर विश्वास टाकतो. सहा जणांचे बारा हात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे, किंवा खरं म्हणजे त्यांच्या मनात जाऊन बसलेले, दोन डोळे. जेलर शांतारामबापूंनी केला. रोमान्स जवळजवळ नाहीच, खेळणी विकणारी चंपा येते आणि गाते, बाकी माती, नांगर, भाजीपाला आणि माणसं. सिनेमात शांतारामबापूंची बैलाशी झुंज आहे आणि तिच्या शूटिंगमध्ये त्यांच्या डोळ्यांना मोठी इजा झाली, दृष्टी जाते की काय अशी वेळ आली होती. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' हे भरत व्यास यांचं गाणं, वसंत देसाईंची चाल, शाळाशाळांत प्रार्थना म्हणून गायलं गेलं आणि बऱ्याच मुलांना ते सिनेमातलं आहे हेही ठाऊक नसतं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल, पुढे अमेरिकेत गोल्डन ग्लोबच्या सोहळ्यात सॅम्युएल गोल्डविन पुरस्कार. राजकमलचा एकच सिनेमा बघायचा असेल तर हा बघावा असं मी कुणालाही सांगेन.

डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहायचे ते दिवस, सगळा अंधार, आणि त्यातून बरं झाल्यावर त्यांनी काढला तो 'नवरंग', १९५९, नावाप्रमाणेच रंगांनी ओसंडून वाहणारा. सी. रामचंद्र यांचं संगीत, महिपाल आणि संध्या, होळीच्या गाण्यात संध्या एकाच नाचात बाईही आणि पुरुषही होतात ते आजही लोक हौसेने बघतात. नंतर १९६१ ला 'स्त्री', परत शकुंतलेचीच गोष्ट, फक्त ह्या वेळी दुष्यंत शांतारामबापू स्वतः. १९६३ चा 'सेहरा' आणि १९६४ चा 'गीत गाया पत्थरों ने' ह्यांचं संगीत सनईवादक रामलाल यांचं, आणि ह्या दुसऱ्यातूनच जितेंद्र नायक म्हणून पुढे आला.

साठीच्या दशकात मात्र कंपनीचा सूर बदलत गेला. सेट अजून भव्य, नाच अजून जास्त, गोष्ट मात्र पातळ, आणि बाहेरचा सिनेमा दुसरीकडेच निघालेला. प्रभातमध्ये दामले-फत्तेलाल समोर बसून 'हे नको' म्हणू शकत होते, राजकमलमध्ये तसं म्हणेल असा बरोबरीचा भागीदार कुणी नव्हता. ज्या मोकळेपणामुळे 'दो आँखें' झाला त्याच मोकळेपणामुळे पुढचे काही सिनेमे सैल झाले, हे मान्य केल्याने बापूंचा मोठेपणा कमी होत नाही.

तरी सत्तरी गाठताना त्यांनी १९७२ मध्ये 'पिंजरा' दिला. डॉ. श्रीराम लागूंचा गुरुजी, संध्यांची तमासगिरीण, निळू फुले, राम कदमांचं संगीत आणि जगदीश खेबुडकरांची गाणी. गावाला वळण लावणारा आदर्श शिक्षक तमाशाच्या फडावर उभा राहतो, तिथे थिएटरात शांतता पसरायची. 'राम जोशी'ने जी वाट मोकळी केली तिच्यावरचं हे सगळ्यात उंच टोक म्हणावं लागेल. १९७५ ला 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी', १९७७ ला रंजनाला घेऊन 'चानी', आणि १९८७ चा 'झंझार' हा शेवटचा.

शांतारामबापूंना १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, ३० ऑक्टोबर १९९० ला ते गेले आणि पद्मविभूषण मरणोत्तर, १९९२ मध्ये. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत प्लाझा थिएटरवरही घाव बसला, माणसं गेली, इमारतीचं नुकसान झालं, पण ते दुरुस्त होऊन परत उघडलं, आणि आपला मराठी सिनेमा प्लाझाला लागावा म्हणून निर्माते अजूनही धडपडतात.