वेल्श क्विल्ट म्हणजे चिंध्यांची गोधडी नव्हे

ब्रिटनच्या वेल्समधली जुनी क्विल्ट (थर शिवून केलेलं पांघरूण) म्हणजे गरीब घरातल्या बायकांनी फावल्या वेळात जोडलेले तुकडे, हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो अर्धवट आहे, आणि त्यामुळे एका कसबी व्यवसायावर अन्याय होतो.

तुकड्यांच्या क्विल्ट तिथेही होत्या. पण वेल्सची खरी ओळख अखंड कापडाच्या, बहुधा एकाच रंगाच्या क्विल्टची. वरचं कापड, मध्ये लोकर, खाली अस्तर. हे तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून धावदोऱ्याने शिवायचे. जवळून पाहा: मधोमध गोल, त्यात गोगलगायीच्या शंखासारखी वळणं, पानं, हृदयाचे आकार, आणि कडेने किनार. लोकर जाड असल्याने टाका खोल बसतो आणि नक्षी उठून दिसते. रंगांचे तुकडे नसतानाही!

हे काम करणाऱ्या अनेक जणी पैसे घेऊन, शेतघरांत मुक्काम करत गावोगाव फिरत. 1928 पासून एका सरकारी योजनेतून दक्षिण वेल्सच्या खाणवस्त्यांतल्या बायकांना असं काम मिळालं आणि त्यांच्या क्विल्ट लंडनच्या क्लॅरिजेस या आलिशान हॉटेलात पोचल्या. पुरुषही मागे नव्हते. रेक्सहॅमच्या जेम्स विल्यम्स या शिंप्याने 1842 ते 1852 अशी दहा वर्षं खपून 4,525 तुकड्यांची चादर केली. तीही चिंध्यांची म्हणवत नाही.

म्हणून या परंपरेवरून नवी क्विल्ट करायची असेल, तर आधी साधं, एकरंगी कापड घ्या. सगळा वेळ टाक्याला द्या.